गुलंदामचं केशर

१

तिसऱ्या फळीवर सोळा नंबरचं पाकीट होतं, अठरा नंबरचं होतं. मधलं सतरा नंबरचं नव्हतं.

मेहरंगीझ खानमनी फळीवरची सगळी पाकिटं मेजावर ओळीनं मांडली आणि बोट ठेवत ठेवत मोजली. पंचवीस हवी होती, चोवीस भरली. त्यांनी पुन्हा मोजली. समोरच्या खुर्चीत गुलंदाम बसली होती, डोक्यावरून घेतलेली काळी चादर हनुवटीखाली मुठीत घट्ट धरून. तिचं लक्ष मोजणाऱ्या बोटाकडे नव्हतं, मोजणारीच्या तोंडाकडे होतं.

“नाही ना?” तिनं विचारलं.

“इथंच कुठंतरी असेल. शोधते मी.”

“बाई, मला लिहिता-वाचता येत नाही, पण समोरच्याचं तोंड वाचता येतं. नाहीये ते.”

काएन शहराच्या वेशीवरची ही प्रयोगशाळा मेहरंगीझ खानमनी स्वतः उभी केली होती, त्याला बावीस वर्षं झाली. भोवतालच्या खेड्यांतलं केशर विक्रीला जाण्याआधी इथून तपासून जायचं. रंग किती, चव किती, वास किती, भेसळ आहे की नाही. प्रत्येक नमुना दोन पाकिटांत यायचा. एक फोडून तपासायचं. दुसऱ्यावर पिकवणाऱ्याची सही घ्यायची, लाखेची मोहोर लावायची आणि ते कपाटात बंद करायचं. निकालावरून वाद झाला तर दुसरं पाकीट दोघांच्या देखत फोडायचं. बावीस वर्षांत असे वाद चारदा झाले होते. पाकीट हरवलं नव्हतं एकदाही.

गुलंदाम चाह-ए-अनार या खेड्यातली. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, घरात ती आणि एक मुलगी. दोन वाफे केशराचे, तेवढ्यावर सगळं. रविवारी तिच्या नमुन्याचा निकाल लागला होता: केशरात कृत्रिम पिवळा रंग. त्या खेड्यातल्या तीस घरांचं केशर एकत्र विकलं जाई, आणि एकाच्या मालात रंग निघाला की सगळ्यांचाच माल परत येई, हा खरेदीदाराचा नियम होता. गुरुवारी खेड्याच्या सोसायटीची सभा होती. त्या सभेत गुलंदामचं नाव कायमचं काढून टाकायचं असं ठरल्यात जमा होतं.

“माझ्या घरी डबाभर आहे अजून,” गुलंदाम म्हणाली. “तुम्ही या, तुमच्या हातानं काढा, तपासा.”

“ते चालणार नाही गं. तू मध्ये माल बदललास असं म्हणतील. या पाकिटावर तुझा अंगठा होता, माझी मोहोर होती. तेच फक्त चालतं.”

गुलंदाम उठली. दारापाशी जाऊन थांबली.

“रविवारपासून नळावर मी गेले की बायका बोलायच्या थांबतात. माझ्या पोरीला काल कुणी विचारलं, तुझी आई रंग कुठल्या दुकानातनं आणते गं.” तिचा आवाज चढला नव्हता. “माझ्या बाजूनं बोलणारं ते एकच पाकीट होतं, बाई. तेसुद्धा तुमच्या कपाटातनं गेलं.”

ती गेल्यावर मेहरंगीझ खानमनी कपाटाचं कुलूप तपासलं. फोडलेलं नव्हतं, ओरखडासुद्धा नव्हता. किल्ल्या दोनच होत्या. एक त्यांच्या गळ्यात. दुसरी बरझूच्या खिशात.

२

बरझू त्यांच्याकडे पाच वर्षं काम करत होता. सत्तावीस वर्षांचा, हात स्थिर, अक्षर सुरेख. त्याचा त्यांना अभिमान होता आणि हे त्याला ठाऊक होतं.

“सोमवारी मी बिरजंदला होते,” मेहरंगीझ खानम म्हणाल्या. “कपाट कुणी उघडलं?”

“मीच. हाजी फतहुल्ला त्यांच्या मालाचे नमुने घेऊन आले होते. ते आत ठेवत होतो तेवढ्यात फोन वाजला.”

“आणि?”

“बाहेर गेलो बोलायला. पाच मिनिटं. फार तर सात.”

“कपाट उघडं टाकून?”

बरझूनं मान खाली घातली. “हो, खानम.”

“खोलीत कोण होतं?”

“हाजी बसले होते. तूबा खाला फरशी पुसत होती. ती गुलंदाम बाहेर पायऱ्यांवर होती, आत आलीच नाही. मीच तिला उद्या या म्हटलं होतं.”

“फोन कुणाचा होता?”

इथं तो अडखळला. हाताला लागलेला खडूसारखा पांढरा चुरा झटकू लागला. चुरा केव्हाच गेला होता.

“बरझू, मी तुला विचारतेय.”

“हाजींच्या मुलाचा.” तो म्हणाला. “ते स्वतःची प्रयोगशाळा काढताहेत. नवरोझनंतर मी तिकडे जाणार आहे. तुम्हाला सांगायचंच होतं, पण रोज उद्यावर टाकत गेलो.”

चाह-ए-अनारची सोसायटी मोडली तर तिथलं केशर घराघरातून सुटं उचलायला हाजी फतहुल्ला टपूनच होते. हे सगळ्या काएनला माहीत होतं. बाप खोलीत बसलेला, मुलाचा नेमका त्याच वेळी फोन, आणि कपाट उघडं.

“तुम्हाला काय वाटतंय ते कळतंय मला,” बरझू म्हणाला. “पण पाकीट मी घेतलं नाही. आणि निकालही मी बनवलेला नाही. काचपट्टी तुम्ही स्वतः पाहिलीत. पिवळा ठिपका होता तिथं.”

होता खरा. पांढरा लेप दिलेल्या काचपट्टीच्या बुडाशी केशराच्या अर्काचा थेंब ठेवायचा, पट्टी द्रावात उभी करायची. द्राव वर चढतो, बरोबर रंगही चढतात, आणि प्रत्येक रंग आपापल्या उंचीला थांबतो. केशराचे रंग कुठे थांबतात हे मेहरंगीझ खानम डोळे मिटून सांगू शकल्या असत्या. सतरा नंबरच्या रांगेत एक ठिपका भलत्याच उंचीवर होता. शेजारीच बाजारातल्या पिवळ्या रंगाचा थेंब तुलनेला लावलेला. दोन्ही ठिपके एका रेषेत.

“त्या दिवशी किती नमुने खलात वाटलेस?”

“शनिवारी नऊ.”

“पहिला कुठला?”

“सतरा. सोळापर्यंतचे गुरुवारी दुपारी संपले होते, शुक्रवारी सुट्टी. खल धुऊन, पुसून ठेवूनच मी गेलो होतो.”

“बाकी आठांत रंग नाही?”

“एकातही नाही.”

मेहरंगीझ खानमनी शनिवारचा तक्ता मागवला. त्याच्या खाली त्यांचीच सही होती. पण त्यांचं बोट सहीच्या वरच्या पहिल्याच रकान्यावर थांबलं. तो रकाना कोरा होता.

३

रोज सकाळी काम सुरू करताना रिकाम्या खलात थोडं स्वच्छ पाणी फिरवायचं आणि आधी त्या पाण्याचीच तपासणी करायची, हा नियम मेहरंगीझ खानमनी पहिल्या दिवसापासून घातला होता. पाण्यात काहीही निघालं नाही तरच पुढचं काम. शनिवारी ते झालंच नव्हतं. बरझूला यायला उशीर झाला होता, नऊ नमुने रांगेत होते, त्यानं टाळलं. आणि त्यांनी कोऱ्या रकान्याखाली सही करून टाकली होती. रोजच भरलेला असतो म्हणून न बघता.

हे मनात खदखदत असतानाच हाजी फतहुल्ला आले. मेहरंगीझ खानमनीच बोलावलं होतं. जाडजूड, दाढी मेंदीनं लाल, हातातली मण्यांची माळ सतत फिरती.

“ताई, तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही असं कधी झालंय?” ते ऐसपैस बसले. “आता हेही विचारून टाका. पाकीट मी खाल्लं का ते.”

“कुणी सांगितलं तुम्हाला पाकिटाचं?”

“काएनमध्ये कोंबडी कुठं अंडं घालते ते आधी आम्हाला कळतं, मग कोंबडीला.”

तूबा चहा घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत. प्रयोगशाळेची झाडलोट आणि चहापाणी ती नऊ वर्षं करत होती. आज तिनं पेले ठेवले आणि नजर वर न करता निघून गेली.

“माझ्याकडचा बरझू फोडलात,” मेहरंगीझ खानम म्हणाल्या.

“फोडला नाही, मागितला. मुलगा चांगला आहे.” हाजींनी साखरेचा खडा दातांत धरला. “ताई, मी धंदेवाला माणूस आहे. चाह-ए-अनारचा माल मला हवा आहे, हे मी कधी लपवलं नाही. पण डागी माल मला कशाला? त्या बाईच्या केशरात रंग आहे म्हटल्यावर सबंध खेड्याचं नाव जातं. मग मी ते मशहदला कुठल्या तोंडानं विकू? मला ते खेडं नाव शाबूत असतानाच हवं आहे.”

यात तथ्य होतं. मेहरंगीझ खानमना ते आवडलं नाही, पण तथ्य होतं.

“सोमवारी तुम्ही इथं एकटे बसला होता.”

“एकटा कुठला? तुमची ही तूबा पायाखालची फरशी पुसत होती. दोनदा पाय वर करायला लावले मला. आणि कपाटात म्हणाल तर तिथं नुसते आकडे. सतरा कुणाचं, अठरा कुणाचं, मला काय स्वप्न पडलंय?” त्यांनी चहाचा घोट घेतला आणि भुवया उंचावल्या. “काय ताई, नफा वाढलाय वाटतं. चहात केशर घालता हल्ली?”

“काहीतरीच काय.”

“मला शिकवू नका. चाळीस वर्षं नाकावर पोट भरतोय. काल सोमवारी प्यायलो तेव्हा साधा होता. आज केशराचा आहे. आणि माल चांगला आहे हां, ताजा.”

मेहरंगीझ खानमनी आपला पेला नाकाशी नेला. त्यांना काही कळलं नाही. तीस वर्षं या वासात काढलेल्या बाईचं नाक त्या वासापुरतं बहिरंच झालेलं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला. तूबा ज्या दारानं गेली होती त्या दाराकडे मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या.

४

तरीही त्या लगेच उठून स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. पाकीट कुठं आहे याचा अंदाज आला होता, पण ते हाती लागून काय निघणार हे अजून माहीत नव्हतं. आतही रंगच निघाला तर? मग गुलंदामचा शेवटचा आधारही आपल्याच हातानं काढून घेतल्यासारखं होईल. आधी रंग आला कुठून ते कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी त्यांनी बरझूला समोर बसवलं.

“सतरा नंबर वाटण्याआधी तू भिंगाखाली पाहिलास. काय लिहिलंयस? वाच.”

बरझूनं वाचलं. “तंतू अख्खे, गडद लाल, कोरडे. शेपट्या पांढरट-पिवळ्या, स्वच्छ.”

“थांब. शेपट्या कशा?”

“पांढरट-पिवळ्या.” तो थबकला. पुन्हा वाचलं. “स्वच्छ.”

केशराच्या तंतूला खाली फिकट शेपटी असते. कुणी तंतू रंगात बुडवले तर लाल भाग लालच दिसतो, पण शेपटी लगेच चुगली करते. ती रंग पिते.

“म्हणजे भिंगाखाली होतं तेव्हा ते शुद्ध होतं,” बरझू हळूच म्हणाला.

“आणि काचपट्टीवर गेलं तेव्हा नव्हतं. मधे काय घडलं?”

“मी ते खलात वाटलं.”

“आता आकडे बघ. रंग दोनशे बारा. तिच्या शेजारच्या वाफ्यातल्या तिघींचा दोनशे तीसच्या वर. भेसळ करणारा रंग वाढावा म्हणून भेसळ करतो. हिचा उतरलाय. रंगाबरोबर चवीचा आकडा उतरला, वासाचाही, जवळजवळ त्याच प्रमाणात. म्हणजे तू जे वजन केलंस त्यात थोडा भाग असा होता की ज्याला केशराचा रंग नाही, चव नाही, वास नाही.”

वाटलेल्या पुडीतली चिमूटभर भुकटी कुपीत शिल्लक होती. मेहरंगीझ खानमनी ती काचेवर पसरली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि स्वतः बघितल्यावर बरझूला बघायला लावलं.

“लाल कण,” तो म्हणाला. “आणि मधे मधे काहीतरी चमकतंय. पारदर्शक. कोपरे आहेत त्याला. मीठ?”

“थेंबभर पाणी सोड.”

पाणी पसरलं तसे ते चमकते कण कडेनं झिजले आणि दिसेनासे झाले. मेहरंगीझ खानमनी कुपीच्या तळाशी उरलेले चारदोन कण ओल्या बोटाला लावून जिभेवर ठेवले. प्रयोगशाळेत कधीही करायची नाही अशी गोष्ट त्यांनी केली, बरझूनं डोळे विस्फारले.

“साखर,” त्या म्हणाल्या. “बरझू, तुझी आई केशर कशी वाटते?”

“साखरेच्या खड्याबरोबर. त्यानं बारीक होतं. सगळेच तसंच…”

त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

“सगळेच. पण स्वयंपाकघरात. तंतूंना साखर लावलेली असती तर ती तुला भिंगाखालीच दिसली असती. आपल्या खलात गुरुवार दुपार ते शनिवार सकाळ या वेळात कुणीतरी स्वयंपाकातली वाटणी केली. साखर आणि पिवळा रंग. आणि खल पाण्यानं न धुता फडक्यानं पुसून ठेवला. बुडाशी पापुद्रा राहिला. तो पहिल्या नमुन्यानं उचलला. बाकी आठांच्या आधी तू दर वेळी खल धुतलास.”

हे बोलता बोलता मेहरंगीझ खानमच्या जिभेवरच दुसरी एक चव आली. गुरुवारी निघताना त्यांनी इथंच, याच मेजापाशी उभं राहून एक वाटी खाल्ली होती. नवसाचा शोले-झर्द, पिवळाधमक गोड भात, वर दालचिनीनं काढलेली नक्षी. “छान झालाय हं,” असं त्या म्हणाल्याही होत्या. रंग जरा जास्तच भडक होता.

५

स्वयंपाकघरात तूबा पेले विसळत होती. मेहरंगीझ खानम आत आल्या, दार ओढून घेतलं, आणि फळीवरचा चहाचा पत्र्याचा डबा खाली काढला. तूबाचे हात पाण्यातच थांबले.

डब्यात हात घातला तेव्हा चहापत्तीखाली कागद लागला. सतरा नंबरचं पाकीट. लाखेची मोहोर अख्खी. सहीच्या जागी निळा अंगठा. पंचवीस पाकिटांत अंगठा असलेलं हे एकच होतं. आकडा वाचता न येणाऱ्यालाही ते चटकन सापडलं असतं.

“का गं तूबा?” मेहरंगीझ खानमनी विचारलं. “घाबरलीस?”

“घाबरले तर.”

“अगं पण मला सांगायचं. रंग तुझ्या हातून खलात राहिला हे मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं? ते लपवायला तू हे पाकीट…”

“कसला रंग?” तूबानं वळून पाहिलं.

मेहरंगीझ खानम तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. तिथं लबाडी नव्हती. नुसतं न कळणं होतं.

“तू पाकीट कशासाठी घेतलंस मग?”

तूबानं ओले हात चादरीच्या टोकाला पुसले. पुसतच राहिली.

“सोमवारी ती बाई पायऱ्यांवर बसली होती. मी तिला चहा दिला तर म्हणाली, मला गोड नको, घसा बंद झालाय. मग सांगितलं तिनं सगळं. पोरीचं, नळावरचं. मी आत आले फरशी पुसायला. कपाट उघडं होतं. बरझू मियां मघाशी म्हणाले होते, उद्या दुसरं पाकीट फोडतील, मग तिचा निकाल पक्का. मला वाटलं, तिच्याविरुद्धचा पुरावा तोच. एकदा लागला तो लागला, दुसऱ्यांदा लागला की तुरुंगातच टाकतील. पाकीटच नसलं तर काय दाखवतील?” “हाजी डोळे मिटून माळ ओढत होते. मी अंगठा बघितला आणि उचललं. अंगठा आमच्यासारख्यांचाच असतो. जाळून टाकणार होते. पण केशर जाळायला हात होईना.”

मेहरंगीझ खानम स्टुलावर बसल्या. जिला वाचवायला म्हणून तूबानं हे केलं, तिचा गळा त्यानंच आवळला गेला होता.

“तूबा, गुरुवारी तू शोले-झर्द केलास. इथंच केलास ना?”

“हो. घरचा गॅस संपला होता. नवस होता, यांच्या मूत्रपिंडासाठी. तुम्हीही खाल्लात.”

“त्यात केशर कुठलं घातलंस?”

तूबा लाल झाली.

“केशर कुठलं घालणार, खानम?” ती म्हणाली. “आमच्यानं घेववतं का ते? जिलेबीवाल्याचा रंग घातला. काएनमध्ये राहून केशराविना नवस फेडला हे लोकांना कळू नये म्हणून साखर घालून वाटला, तुमच्या त्या पांढऱ्या खलात. आणि फडक्यानं लख्ख पुसला, बघा, एक डाग ठेवला नाही.”

मेहरंगीझ खानमनी तिला काहीच सांगितलं नाही, तरी त्यांना दिसत होतं की तिला आपोआप कळत चाललं आहे. तूबाचा हात हळूहळू तोंडावर गेला, आणि ती विसळलेल्या पेल्यांच्या शेजारी खाली जमिनीवर बसली.

६

बुधवारी दुपारी गुलंदामला गाडी पाठवून आणलं. तिच्या देखत मेहरंगीझ खानमनी सतरा नंबरची मोहोर फोडली. खल दोनदा धुतला. धुतल्या पाण्याची तपासणी आधी झाली आणि तक्त्यातला पहिला रकाना त्यांनी स्वतःच्या हातानं भरला. मग बरझूनं केशर वाटलं, पाण्यात घातलं, तासभर अंधाऱ्या पेटीत ढवळत ठेवलं. तो सबंध तास गुलंदाम भिंतीकडे तोंड करून बसली होती.

काचपट्टीवर फक्त केशराचे ठिपके उमटले. रंगाचा आकडा दोनशे सदतीस आला. त्या मोसमातला सगळ्यात वरचा.

“शुद्ध आहे,” मेहरंगीझ खानम म्हणाल्या.

“ते मला आधीच माहीत होतं,” गुलंदाम म्हणाली. “आता गावाला सांगा.”

संध्याकाळी मेहरंगीझ खानम सोसायटीला पत्र लिहायला बसल्या तेव्हा बरझू शेजारी उभा होता. “खानम, तूबा खालाचं नाव घालावंच लागेल. नाहीतर तुमच्यावर येईल सगळं. परवाना थांबवतील.”

“थांबवू देत. पाणी तपासलं नाहीस तू, आणि कोऱ्या रकान्यावर सही केली मी. या दोन गोष्टी झाल्या नसत्या तर तूबानं खलात मेंदी वाटली असती तरी सकाळीच कळलं असतं.”

बरझू म्हणाला, “माझं नाव घाला.”

“घातलंय.”

“हाजींकडे मी…” त्यानं सुरुवात केली.

“जा तू. चांगली जागा आहे. फक्त तिथं रोज पहिलं पाणी तपासायचं.”

परवाना खरोखरच दोन महिने थांबला. ऐन मोसमाचे दोन महिने. पण ते नंतर.

गुरुवारी मेहरंगीझ खानम चाह-ए-अनारला निघाल्या तेव्हा तूबा गाडीत आधीच येऊन बसलेली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. दोन्ही बाजूंना केशराचे वाफे होते, फुलं संपलेली, नुसतं गवतासारखं हिरवं पातं उरलेलं.

सोसायटीची खोली भरली होती. पुरुष भिंतीला टेकून, बायका गालिच्यावर दाटीवाटीनं. गुलंदाम दाराजवळ उभी होती. बसायला जागा नव्हती, किंवा कुणी करून दिली नव्हती.

मेहरंगीझ खानमनी पत्र वाचलं. सावकाश वाचलं, आकड्यांसकट. चूक प्रयोगशाळेची, खलात आधीचा अंश राहिला, नियमाची तपासणी झाली नाही, सही माझी. गुलंदामचं केशर निर्भेळ. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

मागच्या बाजूनं एक म्हातारा म्हणाला, “अंश राहिला म्हणजे काय, खानम? खलात रंग आपोआप उगवतो का?”

मेहरंगीझ खानम उत्तर जुळवत होत्या, तेवढ्यात तूबा पुढं आली.

“मी वाटला होता,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेनं मागच्या रांगेला सांगितलं. “मी तिथं झाडू मारते. नवसाच्या भाताला रंग वाटला. पाकीटही मीच लपवलं. या बाईंनी माझं नाव मुद्दाम गाळलंय. मला वाटलं मी हिला वाचवतेय.” आणि तिनं गुलंदामकडे पाहिलं. “मला कळत नव्हतं गं. एवढंच सांगायला आले.”

कुजबूज उठली. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. गुलंदाम तशीच उभी होती, चादर मुठीत धरून. तिचा चेहरा बघून मेहरंगीझ खानमना काहीच अंदाज येईना. ही बाई आता ओरडेल, असंही वाटलं. तिचा तो हक्क होता.

“नवस कुणासाठी होता?” गुलंदामनं विचारलं.

“नवऱ्यासाठी. मूत्रपिंडं गेलीत त्याची.”

“आता कसा आहे?”

“तसाच आहे.”

चार दिवस जिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं ती गुलंदाम मग गालिच्यावर बसलेल्या बायकांमधून सरळ आत घुसली. दोघी-तिघींना अंग चोरावं लागलं. मधोमध जाऊन ती बसली, पाय मुडपले, चादर सावरली. नळावर सगळ्यात आधी गप्प होणारी शेजारीण तिच्या डाव्या हाताला होती. गुलंदामनं तिला कोपरानं ढोसलं.

“सरक की जरा,” ती म्हणाली. “हिला कुठं बसवू मी?”